गांजा : औषध की नशा? – पाचवे शील, कायदा व संशोधन यांचा एक अभ्यास



शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत व्यसन हा विषय नवीन नाही. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्या-पाड्यांपासून महामार्गालगतच्या वस्त्यांपर्यंत दारू, तंबाखू आणि मशेरी यांनी किती घरे पोखरली, हे आपण सर्वजण जाणतो. अलीकडे मात्र तरुण मुले एक नवा प्रश्न विचारू लागली आहेत. "परदेशात गांजा औषध म्हणून मिळतो, मग आपल्याकडे तो गुन्हा का?" त्यावर वडीलधाऱ्या मंडळींचे उत्तर ठरलेले असते. "आपण पाचवे शील घेतले आहे, विषय संपला."

आमच्या मते हा विषय असा संपत नाही. "औषध आहे" एवढेच ऐकून एखादा मुलगा व्यसनाकडे वळला तर त्याचे शिक्षण बुडते. "नशा आहे" एवढेच म्हणून आपण थांबलो, तर वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला खऱ्या औषधापासूनही आपण दूर ठेवतो. दोन्हींकडे माणसाचेच नुकसान आहे. म्हणून औषध आणि नशा यांतील सीमारेषा कोणती व ती कोणी, कशी आखली, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. वनस्पतीची ओळख

भांग, गांजा व चरस ही तिन्ही एकाच झाडाची रूपे आहेत. पाने वाटून होते ती भांग, मादी झाडाचा फुलोरा तो गांजा, आणि झाडावरील चिकट राळ म्हणजे चरस. या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट रासायनिक द्रव्ये आढळतात. त्यांपैकी दोन नावे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावीत. पहिले टीएचसी. नशा चढते ती मुख्यतः याच्यामुळे. दुसरे सीबीडी. याने नशा चढत नाही. म्हणजे एकाच झाडात नशा आणणारे व न आणणारे अशी दोन्ही द्रव्ये आहेत. "गांजा चांगला की वाईट" हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो. कोणते द्रव्य, किती मात्रेत, कोणत्या रोगावर आणि कोणाच्या देखरेखीखाली, असे विचारावे लागते.

२. पाचवे शील आणि विनयातील औषधप्रकरण

पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज हे शब्द येतात. अट्ठकथेत पिठापासून केलेल्या मद्यांना सुरा, तर फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेल्यांना मेरय म्हटले आहे. आपल्याकडील मोहाच्या फुलांची दारू कोणत्या वर्गात बसेल, हे वेगळे सांगायला नको. गांजाचे नाव या शीलात नाही. परंतु शीलाचा गाभा 'पमादट्ठान' या शब्दात आहे. ज्यामुळे माणसाची जागरूकता सुटते, तो प्रमादात पडतो, ते स्थान टाळायचे आहे. नशेसाठी ओढलेला गांजा या कसोटीवर निःसंशय वर्ज्य ठरतो.

मग औषधाचे काय? विनयपिटकातील महावग्गात भेसज्जक्खन्धक, म्हणजे औषधांचे प्रकरण आहे. त्यातील एक प्रसंग प्रत्येक अभ्यासकाने वाचावा असा आहे. पिलिंदवच्छ स्थविरांना वाताचा विकार झाला. वैद्यांनी तेलाचा काढा करण्यास सांगितले व त्या काढ्यात मद्य घालावे लागत असे. तथागतांनी त्याला अनुज्ञा दिली. पुढे काही भिक्षूंनी तेलात मद्याचे प्रमाण वाढविले आणि ते पिऊन त्यांना नशा चढली. तेव्हा तथागतांनी औषध बंद केले नाही, आणि दुरुपयोगाकडे डोळेझाकही केली नाही. ज्या तेलात मद्याचा रंग, गंध वा चव जाणवणार नाही तेच प्यावे, असा नियम त्यांनी घालून दिला. आधीच जास्त मद्य पडलेले तेल फेकून न देता अंगाला चोळण्यासाठी वापरण्यास सांगितले.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतील हा नियम किती व्यवहारी आहे पाहा. औषधाची गरज मान्य केली, मात्रेला मर्यादा घातली, आणि ती मर्यादा पाळली गेली की नाही हे कोणालाही तपासता येईल अशी खूण सांगितली.

याच प्रकरणात अंगवातावर शेक देण्याच्या उपायांत 'भंगोदक' असा शब्द येतो. काही भाषांतरकारांनी त्याचा अर्थ भांगेचे पाणी असा केला आहे. अट्ठकथा मात्र निरनिराळ्या झाडांचा पाला घालून उकळलेले पाणी, असा अर्थ सांगते. शिवाय हे पाणी शेकण्यासाठी आहे, पिण्यासाठी नाही. तेव्हा "बुद्धांनी भांगेला परवानगी दिली" असे कोणी या एका शब्दावरून सांगू लागल्यास त्याला मूळ संदर्भ दाखवावा. सोयीचा अर्थ काढणे हाही प्रमादच होय.

३. सव्वाशे वर्षांपूर्वीची एक मोठी चौकशी

गांजाच्या औषधी उपयोगाची आधुनिक पद्धतीने पाहणी प्रथम आपल्याच देशात झाली. विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरांनी कलकत्त्यात १८३९ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रथम प्राण्यांवर व नंतर रुग्णांवर त्यांनी धनुर्वात, संधिवात, लहान मुलांच्या आकडी यांसारख्या विकारांत हे औषध वापरून पाहिले. त्यातून युरोपातील डॉक्टरांना या औषधाची माहिती झाली.

पुढे इंग्लंडमध्ये ओरड सुरू झाली की, गांजामुळे हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे भरून चालली आहेत. पार्लमेंटात प्रश्न निघाला आणि १८९३ साली सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. सात सभासदांच्या या कमिशनने देशभर फिरून ११९३ साक्षीदारांची मते घेतली. त्याचा अहवाल १८९४ साली तयार झाला.

बँकेत कारकुनी करणाऱ्या आम्हांला या अहवालातील एक भाग विशेष महत्त्वाचा वाटतो. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत 'वेडाचे कारण' असा रकाना असे. तो भरताना डॉक्टर पुष्कळदा पोलिसांच्या कागदावरील मजकूर तसाच उतरवून घेत. आणि पोलिसांना कोणी सांगितले की हा माणूस गांजा ओढत असे, की कारण म्हणून 'गांजा' लिहून मोकळे! आधीचा आजार, घराण्यातील वेड, दारू, उपासमार, यांची विचारपूस होत नसे. कमिशनने १८९२ सालच्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्या वर्षी दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांपुढे गांजा, चरस वा भांग हे कारण लिहिलेले होते. रुग्णाच्या गावापर्यंत जाऊन चौकशी केल्यावर फक्त ९८ प्रकरणांत त्या कारणाला काही आधार सापडला.

व्हाउचर न पाहता नोंद केली तर हिशेब चुकणारच. इथे तर एका चुकीच्या रकान्यावरून साऱ्या देशाचे मत बनले होते. मात्र गांजा निर्दोष आहे, असेही कमिशन म्हणाले नाही. बेताच्या सेवनाने सहसा मोठी हानी दिसत नाही, पण अतिसेवन शरीराला व मनाला घातक आहे आणि ज्यांचा कल आधीच वेडाकडे आहे त्यांना अधिक घातक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. सरसकट बंदीऐवजी नियंत्रण व कर अशी शिफारस त्याने केली. दोन भारतीय सभासदांनी आपले वेगळे मत नोंदविले, हेही सांगितले पाहिजे.

४. आजचे संशोधन : जमा आणि नावे

१९६४ साली इस्रायलमधील शास्त्रज्ञ राफाएल मेशुलम व त्यांचे सहकारी यांनी टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना सांगितली. पुढे असे आढळले की माणसाच्या मेंदूत या द्रव्याची 'किल्ली' जेथे बसते अशी 'कुलुपे' मुळातच आहेत. मग शरीराची स्वतःचीही किल्ली असली पाहिजे. ती १९९२ साली मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत सापडली आणि 'आनंद' या आपल्या शब्दावरून तिचे नाव 'आनंदामाइड' असे ठेवण्यात आले. वेदना, भूक, झोप व स्मरण यांच्या नियंत्रणात या यंत्रणेचा भाग असतो.

आता जमेची बाजू पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने २०१७ साली हजारो शोधनिबंधांचा आढावा घेतला. प्रौढांच्या दीर्घकालीन वेदना, कर्करोगाच्या केमोथेरपीने होणारी उलटी व मळमळ, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या रोगात स्नायू आखडणे, या तीन बाबतींत उपयोगाचा भरीव पुरावा तिला आढळला. बाकी असंख्य दाव्यांना पुरावा तोकडा होता.

लहान मुलांच्या ड्राव्हे नावाच्या दुर्मिळ व कठीण फेफऱ्यावर सीबीडीची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिची रीत समजून घ्यावी. १२० मुला-तरुणांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एकाला औषध दिले, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव दिले. कोणाला काय मिळते हे पालकांना वा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. औषध घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके १२.४ वरून ५.९ वर आले. दुसऱ्या गटात ते १४.९ वरून १४.१ एवढेच झाले. त्याच वेळी झोप येणे, जुलाब, यकृतावर ताण असे दुष्परिणामही नोंदले गेले. २०१८ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. ते ठराविक मात्रेचे, शुद्ध केलेले, बाटलीतील औषध आहे. चिलमीतील गांजाशी त्याचा काही संबंध नाही.

आता नावेची बाजू. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा १५ वर्षे मागोवा घेण्यात आला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५० पेक्षा जास्त वेळा गांजा-चरस घेतलेल्या तरुणांत स्किझोफ्रेनिया हा मनोविकार न घेणाऱ्यांच्या सहापट आढळला. आधीपासूनचा मानसिक त्रास हेही त्याचे अंशतः कारण असू शकते. पण त्यानंतरच्या अभ्यासांनीही धोक्याची सूचना कायम ठेवली आहे. वर सांगितलेल्या २०१७ च्या अहवालातही मनोविकार व वाहन-अपघात यांचा धोका वाढत असल्याचे नमूद आहे. कोवळ्या वयात सुरुवात आणि रोजचे सेवन यांनी धोका अधिक वाढतो, कारण मेंदूची वाढ विशीनंतरही चालू असते. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

एकाच अहवालात जमा आणि नावे दोन्ही आहेत. जो फक्त एकच बाजू वाचून दाखवितो, त्याचा हिशेब मान्य करू नये.

५. कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेये व आरोग्याला अपायकारक अमली द्रव्ये यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तत्त्व आहे. परंतु तेथेच औषधी कारणांचा अपवाद स्पष्टपणे ठेवला आहे. या कलमावर घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये चर्चा झाली तेव्हा जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या रूढी व धार्मिक विधी यांच्या वतीने बंदीला विरोध केला होता. आपल्या शेजारी ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बांधव राहतात, म्हणून हा आवाजही आपण जाणून घ्यावा. ज्यांच्याशी बोलायचे त्यांचे आधी ऐकावे लागते. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांत मात्र दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण स्वतःहून घेतलेली शिस्त आहे. कायदा आणि शील यांतील हा फरक विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा.

अमली द्रव्यांचा केंद्रीय कायदा, ज्याला आपण एन.डी.पी.एस. म्हणतो, १९८५ साली झाला. त्यात गांजा व चरस येतात. फुलोऱ्याविना नुसती पाने व बी त्या व्याख्येत येत नाहीत. पण भांगेवर राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. परसात विनापरवाना गांजाचे झाड लावल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. १ किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरला जातो, तरी त्यासाठीही एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. २० किलोच्या वर गेल्यास किमान १० वर्षे. "कोणाची तरी पिशवी पोहोचवायची" म्हणून चार पैशांसाठी अडकणारी मुले गरिबांचीच असतात, हे ध्यानात ठेवावे.

याच कायद्यात एक दिलासाही आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. व्यसनी माणसाकडे कायदासुद्धा रुग्ण म्हणून पाहतो. मग आपण का पाहू नये?

जागतिक पातळीवर, डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढले. त्या २७ मध्ये भारताचे मत होते. याचा अर्थ गांजा मोकळा झाला असा नाही. त्याच्या औषधी संशोधनाची वाट थोडी सुकर झाली, इतकाच आहे. आपल्या देशात जम्मू येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन या संस्थेत परवान्याने लागवड करून असे संशोधन हाती घेण्यात आले आहे.

६. मॉर्फिनचा धडा

भीतीपोटी औषध नाकारले तर काय होते, याचे उदाहरण गांजापेक्षा मॉर्फिनच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. अफूपासून मिळणारे मॉर्फिन हे कर्करोगाच्या तीव्र वेदनांवरचे स्वस्त व खात्रीचे औषध. १९८५ च्या कायद्यानंतर परवाने इतके झाले आणि शिक्षेची धास्ती इतकी बसली की दुकानांनी व दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. १९९७ साली साऱ्या देशाचा वर्षाचा वापर अवघ्या १८ किलोवर आला होता. अफू पिकविणाऱ्या आपल्या देशात रुग्ण कण्हत मरत होते!

वेदनाशमनाचे काम करणाऱ्या डॉक्टरांनी व संस्थांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह काही औषधे 'अत्यावश्यक' ठरवून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवण्याची पद्धत सोपी करण्यात आली.

आपल्या भागातील कर्करोगाचे रुग्ण आसनगावहून लोकल पकडून किंवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याणला येऊन परळच्या टाटा रुग्णालयात जातात. सोने गहाण ठेवून उपचारासाठी कर्ज काढणारी माणसे आम्ही काउंटरवर पाहतो. त्यांच्या घरच्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावे की, वेदना कमी करण्यासाठी काय देता येईल? "मॉर्फिन म्हणजे नशा, शील मोडेल" असे समजून कोणी वेदना सोसत बसू नये. पिलिंदवच्छांचा प्रसंग त्यासाठीच वर दिला आहे.

७. आपल्याकडे काय करता येईल?

दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. भांग-गांजा-चरस घेणारे २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळाला होता. बाकीच्या ३७ जणांच्या वाट्याला काय आले असेल? शिव्या, मारहाण, बुवा-भगत आणि लाज.

उपचाराने माणूस सावरतो, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी भरीव मदत दिली. व्यसन हा आजार आहे आणि त्याच्या उपचारात कुटुंबालाही सामील करून घ्यावे लागते, ही दृष्टी या कामाने मराठी समाजाला दिली. आपल्या जिल्ह्यात ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तेथे जाणे म्हणजे वेडा ठरणे नव्हे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहावेत, अशी आमची विनंती आहे.

सिद्धगड हे नाव हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या बलिदानाने पवित्र झाले आहे. २ जानेवारी १९४३ रोजी ते तेथे धारातीर्थी पडले. भाई कोतवालांनी स्वातंत्र्यलढ्याआधी गावोगाव धान्यकोठ्या काढून गरिबाला सावकाराच्या दारातून सोडविले होते. आज अनेक घरांतील कर्जाचे मूळ बाटलीत व पुडीत आहे. त्यातून घर सोडविणे हेही तसेच काम आहे.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. एक, कोणताही दावा ऐकला की पुरावा विचारावा. दोन, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशा द्रव्याला औषध म्हणू नये आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधाला नशा म्हणू नये. तीन, व्यसनी माणसाच्या नावापुढे 'बिघडलेला' अशी नोंद करण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून त्याची हकिकत ऐकावी. रकाना त्यानंतर भरावा.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१) 'पमादट्ठान' या शब्दाचा अर्थ सांगून तो गांजाला कसा लागू होतो ते लिहा.
२) पिलिंदवच्छांच्या तेलाबाबतच्या नियमात औषधाच्या कोणत्या मर्यादा सांगितल्या आहेत?
३) १८९२ सालच्या नोंदीत २२२ ची संख्या ९८ कशी झाली? त्यावरून आकडेवारीविषयी काय शिकावे?
४) औषधाच्या चाचणीत दोन गट का करतात?
५) आपल्या वस्तीत व्यसनामुळे उपचाराची गरज असलेल्या व्यक्तीला कोठे नेता येईल, याची माहिती मिळवा.

नमो बुद्धाय! जय भीम!